दूध कुणी दिलं?

मी आमच्या गावाचा इतिहास लिहिला, त्याला कारण बल्गेरिया. हे वाक्य गावात कुणासमोर बोलले तर लोक मला पंख्याखाली बसवतील आणि पाणी प्यायला देतील. पण खरं तेच आहे.

माझी मुलगी हिंजवडीत नोकरी करते. तिच्या ऑफिसात बल्गेरियाहून आलेली एक बाई आहे, महाळुंगेत एका उंच इमारतीत भाड्यानं राहते. भातकापणी उरकली तेव्हा मुलीनं तिला आमच्याकडे जेवायला आणलं. आमचं गाव मुळशीत, भरे गावाच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. पाहुणीनं पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात सगळं चवीनं खाल्लं. दह्याची वाटी तर तिनं डोळे मिटून खाल्ली आणि मग म्हणाली, छान आहे, पण आमच्याकडचं याहून चांगलं लागतं. माझ्या दह्याला आजवर माझ्या सासूनंही नावं ठेवली नव्हती. माझा चेहरा बघून मुलीनं घाईनं विषय बदलला.

पाहुणीनं पिशवीतून एक पातळसं पुस्तक काढलं. तिच्या गावच्या कुणा मास्तरांनी लिहिलेला त्या गावाचा आणि आजूबाजूच्या खेड्यांचा इतिहास. अक्षरं अशी, की ओळखीची वाटावीत आणि एकही वाचता येऊ नये. ती इंग्रजीत सांगायची, मुलगी मराठीत. डोंगरांच्या कुशीत एक छोटं गाव, बाजारपेठेचं. भोवती खेडी. एका खेड्याचे गवंडी नावाजलेले, एकाचे आलुबुखार, एकातले लोक थंडी पडली की मेंढ्या घेऊन उबेच्या मुलखात जायचे. आणि प्रत्येक खेड्याचं म्हणणं एकच: सगळ्यांत जुने आम्ही. मास्तर बिचारे पुस्तकभर सगळ्यांची समजूत काढत बसले होते.

मला ते मास्तर फार आवडले. मीही जन्मभर तालुक्यातल्या शाळांत पोरं हाकलेली मास्तरीण. गावात लहानथोर सगळे मला ‘बाई’च म्हणतात. निवृत्त झाल्यापासून हाताला चाळा नव्हता. एवढंसं ते गाव, कुठल्या कुठं, आणि त्याचा इतिहास माझ्या ओसरीवर येऊन बसतो, मग आमच्या गावानं काय घोडं मारलंय? पाहुणी गाडीत बसायच्या आत मी ठरवून टाकलं होतं.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. जत्रा कमिटीचे प्रमुख म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना सारं गाव आबा म्हणतं, मीही म्हणते. ते दुसऱ्याच दिवशी आले.

"बाई," आबा म्हणाले, "चैत्रात नाथाच्या जत्रंला वाचायचा तुमचा इतिहास. सकाळी, देवाला दूध घालायच्या आदी. माईकवरून."

माईकवरून म्हटल्यावर प्रकरण गंभीर झालं. आमच्याकडे छापलेल्या कागदावर कुणी फारसा विश्वास ठेवत नाही. पण जत्रेत माईकवरून जे सांगितलं जातं, ते पुढच्या पिढ्यांपर्यंत खरं असतं. आणि गाव तीन आळ्यांचं. वरची आळी, मधली आळी, खालची आळी. प्रत्येक आळी म्हणजे एक भावकी. गावात आधी कोण आलं यावरून या तिघांचं जे चालतं, त्यावर लग्नं मोडलेली मी बघितली आहेत. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, सगळं त्यावरच येऊन अडतं. आता बाईंच्या इतिहासात काय येतं, याकडे तिन्ही आळ्यांनी कान लावले.

थंडीभर माझा चहाचा खर्च वाढला. वरच्या आळीचे म्हातारे आले, मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, लिहा. त्यांचा मूळ पुरुष लढाईतून आला. घोडा इथं येऊन पडला. रान होतं नुसतं, माणसाचा मागमूस नाही. आंब्याखाली टेकला, तहानेनं जीव चाललेला. तेव्हा एका धनगरानं त्याला तांब्याभर दूध दिलं. दूध पोटात गेलं तसा तो उठला, म्हणाला, इथंच राहायचं.

खालच्या आळीचं वेगळं. त्यांचा मूळ पुरुष बैलगाडीतून नाथाचा तांदळा, म्हणजे देवाचा शेंदूर लावलेला दगड, घेऊन चालला होता. आत्ता देऊळ आहे तिथं चाक रुतलं ते निघेना. देवाच्याच मनात इथं राहायचं. सगळीकडे सामसूम, चिटपाखरू नाही. मग एका धनगरानं दूध आणून दिलं, त्या दुधानं देवाला अंघोळ घातली, उरलेलं मूळ पुरुषानं प्रसाद म्हणून घेतलं.

राहिली मधली आळी, म्हणजे आमचीच. आमच्या मूळ पुरुषानं वाघ मारला. हरवलेली म्हैस शोधत आला, वाघ आडवा आला, यानं कोयत्यानं मारला. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले आहे आणि दरवेळी वाघ थोडा लांब होतो. मी लिहायला बसले की आमचे हे मागून डोकवायचे. "वाघाचं जरा नीट लिही," म्हणायचे. नीट म्हणजे लांब. तर वाघ मारून मूळ पुरुष रक्तबंबाळ पडला, या निर्मनुष्य रानात. एका धनगरानं जखमांना हळद लावली आणि शेळीचं गरम दूध पाजलं.

मी तिन्ही गोष्टी सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या आणि पहिल्यांदा कुणाची घालायची या काळजीत पडले. सासर एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला. माझी झोप उडाली होती, खोटं कशाला सांगू.

त्याच सुमारास एक दिवस धनगरवाड्यावरची म्हातारी आली. धनगरवाडा म्हणजे गावाच्या वर, डोंगराच्या टप्प्यावर मूठभर घरं. शेळ्या, मेंढ्या, थोडी नाचणी, वरी, आणि तरण्या पोरांची खालच्या कारखान्यांत रोजंदारी. म्हातारी माझ्याहून बरीच मोठी, मी तिला मावशी म्हणते. आमच्याकडे शेळीचं दूध तिचंच येई. पण वर्षभरात तिचं येणं कमी झालं होतं. आली ती धापा टाकत, जोत्यावरच बसली. पाणी प्याली आणि म्हणाली,

"बाई, तुमी गावाचं लिवताय म्हनं. आमचं बी लिवा."

"लिहीन की मावशी. काय लिहू?"

"वाटंचं लिवा."

वाटेचं मला अर्धवट माहीत होतं. धनगरवाड्यावरून देवळाकडे उतरणारी पाऊलवाट आहे. तिच्या तोंडाची जमीन आमच्याच मधल्या आळीनं विकली. तिथं आता बंगल्यांचे प्लॉट पडलेत आणि वाटेवर मोठं लोखंडी फाटक आलंय, वर इंग्रजीत कसल्याशा हिल्सची पाटी. फाटक लागलं तेव्हापासून धनगरवाड्याच्या लोकांना डोंगराला वळसा घालून डांबरी रस्त्यानं यावं लागतं. त्या रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक. मेंढ्या त्यावर घालायच्या म्हणजे त्यांना कसायाकडे धाडण्यासारखंच.

"गिरामसभेत गेलते मी," मावशी म्हणाली. "म्हनलं, वाट आमची हाय. तर इचारत्यात, कवापासनं हाय? आता काय सांगू? माज्या सासूच्या सासूला बी ठावं नव्हतं. सरपंच म्हनला, बाई इतिहास लिवत्यात, त्यात आलं तर बघू."

"आणि नाही आलं तर?"

"वाट गेली की वस्ती गेलीच. पोरं म्हनत्यात शेळ्या इकू, पिरंगुटला खोली घिऊन ऱ्हाऊ." तिनं पदरानं तोंड पुसलं. "देवाला पैलं दूध आमचं जायाचं, बाई. माजं लगीन झाल्यापास्नं एक जत्रा चुकली न्हाई. गेल्या साली फाटक बंद. वळसा घालून येस्तवर पुजाऱ्यानं पिशवीतलं दूध वतलं. मी चरवी घिऊन तशीच माघारी गेले."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळेना. मावशीला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फाटक बघायला गेले.

फाटकापाशी खुर्ची टाकून वॉचमन बसला होता, लांबून कुठून पोटासाठी आलेला, नव्या कडक गणवेशात. मी म्हटलं, मला वर जायचंय, धनगरवाड्यावर. तो अदबीनं उठला.

"मॅडम, ऊपर तो कोई नहीं रहता."

"कोणी सांगितलं?"

"साहब ने बताया है. ऊपर कोई नहीं है."

त्याच्या मागं डोंगरावर शेळ्या ओरडत होत्या. एका घरातून धूर निघत होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं वर बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि ओशाळून खुर्ची पुढं केली. त्याचा काय दोष? त्याला जे सांगितलं ते त्यानं पाठ केलं होतं. मी त्या खुर्चीवर बसले नाही, पण रागावलेही नाही.

मी वाटेचं लिहायचं ठरवलं खरं, पण आबांनी माझा खर्डा चाळला आणि तोंड वाकडं केलं. "धनगरवाड्याचं शेवटाला दोन वळीत टाका, जागा उरली तर. जत्रंत भांडनं नकोत, बाई." जमीन विकणाऱ्यांत आबा पुढे होते. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. पण एकदा हो म्हटलेल्या गोष्टीवर मागं फिरायचं म्हणजे त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. आणि माझ्याकडे तरी काय होतं दाखवायला? एका म्हातारीचा शब्द. मी चिडून खर्डा कपाटात टाकला.

होळीनंतरच्या रविवारी पाहुणी पुन्हा जेवायला आली. आपल्या पुस्तकामुळे बाईंनी गावाचा इतिहास लिहिला, हे ऐकून तिला केवढा आनंद! वाचून दाखवा म्हणाली. मग मी मराठीत वाचायचं, मुलीनं इंग्रजीत सांगायचं. आमचे हे वाघासाठी मुद्दाम शेतातून लवकर आले होते.

वरच्या आळीचं झालं. खालच्या आळीचं झालं. मधल्या आळीच्या गोष्टीत वाघ पडला, ह्यांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला. मी पुढं वाचलं, "त्या निर्मनुष्य रानात एका धनगरानं..." आणि मुलगी थांबली. सांगेचना.

"काय झालं? सांग की तिला."

"आई, सांगू कसं? निर्मनुष्य म्हणजे कुणीच नव्हतं ना?"

"कुणीच नव्हतं."

"मग दूध कुणी दिलं?"

मी म्हटलं, "धनगरानं." आणि माझ्या तोंडून तो शब्द बाहेर पडला तशी मी मागची पानं उलटली. तिन्ही गोष्टींत कुणीच नव्हतं. तिन्ही गोष्टींत धनगर होता. तांब्या घेऊन, दूध घेऊन, हळद घेऊन तयार बसलेला. सगळी थंडी मी हे ऐकलं, लिहिलं, शुद्धलेखन तपासलं, आणि मला दिसलं नाही! मला काय, साऱ्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकून दिसलं नाही.

मुलीनं पाहुणीला सांगितलं तशी ती टेबलावर डोकं टेकून हसली. आमचे हे मात्र अस्वस्थ झाले. "म्हणजे आपण पहिले न्हाई?" म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण वाघ ऱ्हातो ना?" वाघ राहतो, मी म्हटलं. वाघाला माझ्याकडून धक्का नाही.

मी खर्ड्यात एक अक्षर बदललं नाही. धनगरवाड्याच्या दोन ओळीही घातल्या नाहीत. आबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, जसं तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसंच वाचणार, एक शब्द इकडचा तिकडं नाही. त्यांना बरं वाटलं. पहिल्यांदा कुणाचं, यावर कमिटीनं चिठ्ठ्या टाकल्या आणि वरच्या आळीचं आलं. मावशीला मात्र मी वळसा घालून भेटायला गेले आणि सांगितलं, जत्रेदिवशी चरवी भरून फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राहा, रस्त्यानं येऊ नकोस. ती म्हणाली, "फाटक तर बंद हाय." मी म्हटलं, "असू दे."

आता सांगायला सोपं आहे, पण जत्रेच्या सकाळी खर्डा पिशवीत आहे ना, हे मी तीनतीनदा बघितलं. माझं गणित चुकलं असतं तर मावशी दुसऱ्या वर्षीही भरली चरवी घेऊन माघारी गेली असती, आणि या वेळी माझ्यामुळे. देवळासमोर सारं गाव. फेटे बांधलेले तिन्ही आळ्यांचे म्हातारे पुढच्या सतरंजीवर. मागं खोल्यांतले भाडेकरू, फ्लॅटवाले, पोरंटोरं. एका कडेला मुलगी आणि डोक्यावरून ओढणी घेतलेली आमची बल्गेरियन पाहुणी.

मी वाचायला लागले. वरची आळी: कुणीच नव्हतं, धनगरानं दूध दिलं. टाळ्या. खालची आळी: कुणीच नव्हतं, धनगरानं दूध दिलं. टाळ्या झाल्या, पण बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. बायकांना आधी कळतं, त्यांना दुधाचं कळतं. मधल्या आळीचा वाघ पडला. मी श्वास घेतला आणि सावकाश वाचलं, "त्या रानात माणूस म्हणून कुणीच नव्हतं. तेव्हा..."

मागून बायकांनीच ओरडून वाक्य पुरं केलं, "धनगरानं दूध दिलं!"

असा हशा उठला की माईक शिट्टी मारायला लागला. म्हातारे आधी बावरले, मग त्यांच्या ध्यानात आलं. वरच्या आळीचे म्हातारे तर फेटा सावरत डोळे पुसायला लागले. मी हसू ओसरू दिलं आणि विचारलं, "मग मंडळी, गावात पहिलं कोण?"

आबांची मान खाली. मला वाटलं, संपलं, आता आबा उठून जाणार. आबा उठले. आणि म्हणाले ते असं:

"धनगर पैला, ते ऱ्हाऊ द्या. पन त्याचं दूध पैल्यांदा प्यालं आमच्या आळीनं!"

"कसं काय? घोडा तुमच्या म्हशीच्या आदी आला!" वरच्या आळीचे गरजले.

"आन आमच्या देवाची अंगूळ?" खालची आळी उभी राहिली.

भांडण पेटलं, आमचं नेहमीचं, जातिवंत. पण पेटलं ते दुधावरून, आणि दूध तर देवळात नव्हतं. पुजारी बिचारा पिशवी मागं लपवत होता. सरपंचांनी माझ्या हातातला माईक घेतला. "दूध कुटं हाय?" त्यांनी विचारलं. "वर हाय, फाटकाच्या आत," मी म्हटलं. मग काय, आणायला आधी कोण जाणार यावरून तिन्ही आळ्या एकदमच निघाल्या. ढोल पुढं, नाथाच्या नावानं चांगभलं, आणि मी साडी वर खोचून त्या गर्दीत. आबा सगळ्यांत पुढं. त्यांनीच वॉचमनला सांगितलं, "उघड."

"साहब ने..."

"जमीन मी दिलीया तुज्या सायबाला. वाट न्हाई दिली. उघड!"

कुलूप निघालं ते त्या दिवशी. सरपंचांनी तिथूनच बिल्डरला फोन लावला. ढोल वाजतच होते, त्यामुळे त्याला काय ऐकू गेलं देव जाणे, पण कुलूप पुन्हा लागलेलं नाही. फाटक आहे, पाटीही आहे. शेळ्या तिच्याखालून रोज उतरतात.

फाटकाच्या आत मावशी उभी होती. नवं लुगडं, डोक्यावर चरवी, मागं वस्तीतली झाडून सगळी माणसं. एवढा जमाव बघून ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती जराही घाबरली नाही. देवाचं दूध तिनं नातसुनेच्या हातात दिलं आणि दुसरी लहान चरवी पुढं घेतली; ती मी आणायला सांगितलेली नव्हती. तिथंच दगडावर बसून तिनं तीन पेले भरले. आमचं सगळं भांडण तिला वर ऐकू गेलं होतं. देवळाचा कर्णा डोंगराकडेच तोंड करून असतो.

तिन्ही आळ्यांच्या म्हाताऱ्यांच्या हातात तिनं एकदमच पेले दिले, कुणाला आधी नाही, कुणाला मागं नाही. पेले धरून ते तिघं पोरांसारखे उभे राहिले.

"प्या," मावशी म्हणाली. "बगताय काय? हितं कुनीच न्हाई."

आबांनी पेला तोंडाला लावला.